दुसरी काठी

सासूबाई पहिल्यांदा आयर्लंडला आल्या तो एप्रिलमधला दुसरा रविवार होता. हे मला पक्कं आठवतं, कारण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दोन ते तीन विमानतळाच्या रस्त्याला जायचं मी कटाक्षाने टाळत असे, आणि त्या दिवशी ते टाळता आलं नाही. लंडनहून येणारं त्यांचं विमान नेमकं दीड वाजता शॅननला उतरलं.

आम्ही आयर्लंडमध्ये अकरा वर्षं आहोत. पहिली चार डब्लिनजवळ ओंगारला काढली, नंतर इकडे पश्चिमेला शॅननमध्ये आलो. शॅनन गाव म्हणजे एक विमानतळ, त्याला चिकटलेली कारखान्यांची वसाहत आणि या दोन्हींत काम करणाऱ्यांची घरं. मी त्या वसाहतीत हृदयात घालायच्या बारीक नळ्या तपासते, नवरा घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करतो. दोघांच्याही कंपन्या अमेरिकन. निम्म्या गावाचं हेच.

विमानतळावरून गावाकडे येताना एक मोठा राउंडअबाउट, म्हणजे गाड्या गोल वळसा घेऊन जातात तो चौक, लागतो. त्याच्या कडेच्या गवतावर दर दुसऱ्या रविवारी आठ-दहा माणसं फलक घेऊन थांबलेली असतात. बहुतेक सत्तरीच्या पुढची. काही उभी, काही घडीच्या खुर्च्यांवर. त्यांचं म्हणणं असं, की आपला एवढासा बेटावरचा देश कुठल्याही लष्करी गटात नाही, मग अमेरिकन सैनिकांनी भरलेली विमानं युद्धावर जाता-येता आपल्याकडे इंधन भरायला का थांबतात? परक्या फौजेचा तळ म्हणतात तो हाच, फक्त पाटी लावलेली नाही, असं त्यांच्यातली एकजण म्हणते. ती एकजण म्हणजे आमची शेजारीण.

वय अठ्ठ्याहत्तर. तिला मी पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारते, तिनेच तशी सक्ती केली, त्यामुळे मनातल्या मनातही ती 'अहो' होत नाही. माझी मुलगी तिच्या स्वयंपाकघरात लहानाची मोठी झाली. मला उशीर झाला की शाळेतून तिला ही घेऊन येणार, ताप आला की ही बसणार. आणि अशा बाईला राउंडअबाउटवर बघितलं की मी गाडीच्या आरशात काहीतरी शोधायला लागायचे. सात वर्षं मी त्या आरशात काय शोधत होते देव जाणे.

कारण होतं, अगदीच नव्हतं असं नाही. मुलीकडे जन्मापासून आयरिश पासपोर्ट. नवऱ्याचा गेल्या वर्षी झाला. माझ्या वडिलांच्या आजारपणात मी बरेच महिने पुण्यात राहिले, त्यामुळे माझी वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची वेळ आली आणि माझा अर्ज मागे पडला. कुठून परत आलो की ते दोघं एका रांगेतून भुर्रकन पुढे जातात आणि मी दुसऱ्या रांगेत कागदांची पिशवी पोटाशी धरून उभी. मुलगी पलीकडून हात हलवते. आता माझाही अर्ज शेवटच्या टप्प्यात होता. त्यात अर्जदाराचं चारित्र्य चांगलं असावं अशी अट असते, आणि ते तसं आहे की नाही हे गावातल्या पोलिसांकडून, म्हणजे इथल्या भाषेत गार्डाकडून, कळवलं जातं. राउंडअबाउटच्या पलीकडे दर दुसऱ्या रविवारी गार्डाची गाडी उभी असते. फलकवाल्यांत कोणी नवीन चेहरा दिसला की गार्डा उतरतो, नाव विचारतो आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहितो. माझं नाव त्या वहीत जाऊ नये, एवढीच माझी मागणी होती.

तर त्या पहिल्या रविवारी सासूबाईंनी गाडीच्या काचेतून बघितलं आणि विचारलं, ही कोण माणसं? मी म्हणाले, काही नाही आई, असंच बसतात. सुदैवाने त्या दिवशी शेजारीण तिच्या बहिणीकडे कॉर्कला गेली होती, म्हणून विषय तिथेच संपला.

सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांच्या गावात घरटी एकजण फौजेत. माझे सासरे हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि चार वर्षांपूर्वी, जेवून झोपले ते तसेच गेले. मी सदाशिव पेठेतली, त्यामुळे लग्नानंतरची पहिली पाच वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींच्या बोलण्याला हसण्यात घालवली. आता ते हसणं दोघींनाही सवयीचं झालंय. तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या आल्या आणि आठवड्याभरात कुंपणावरून शेजारणीशी त्यांची गट्टी जमली. एक मराठीत बोलायची, दुसरी इंग्रजीत, आणि विषय बहुधा गुडघे.

मेच्या दुसऱ्या रविवारी नवऱ्याला ऑफिसच्या कामाला लंडनला जायचं होतं. मुलगी कुणाच्या तरी वाढदिवसाला गेलेली. त्याला सोडून परत येताना घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती आणि सासूबाई शेजारच्या सीटवर बसल्या होत्या.

"आगं, ही मानसं अजून हितंच?" त्या म्हणाल्या. मग खुर्चीवर मांडीवर ब्लँकेट घेऊन बसलेली शेजारीण त्यांना दिसली आणि त्यांनी डोक्याला हात लावला.

त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे कळायला मला घर येईपर्यंतचा वेळ लागला. त्यांच्या तालुक्याला धरणात जमिनी गेलेल्या लोकांनी तहसील कचेरीसमोर साखळी उपोषण केलं होतं, रोज वेगळ्या माणसांनी पाळीपाळीने उपाशी बसायचं. चौथ्या दिवशी सासूबाई स्वतः बसल्या होत्या. आता इथे महिन्यापूर्वी बघितलेली माणसं त्याच जागी, तशीच, फलक घेऊन. मधल्या महिन्यात आम्ही त्या रस्त्याला गेलोच नव्हतो, त्यामुळे ती माणसं तिथून हललीच नाहीत असा त्यांनी हिशेब मांडला. शेजारीण तर रोज घरी दिसते, म्हणजे आज तिची पाळी. तरीच ती हल्ली वाळल्यासारखी दिसते, असंही त्यांना आता आठवलं.

"शेजारीन उपाशी बसलीय आन् तुमी गाडी पळवताय," त्या म्हणाल्या. "रस न्याया नगं?"

मी त्यांना तिथेच थांबवायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला खात्रीने काही सांगता येईना. ती माणसं तिथे काय करतात, काय खातात, किती वेळ बसतात, हे मी सात वर्षांत एकदाही विचारलेलं नव्हतं. आपल्या घरातल्या मुलीला वाढवणारी बाई उपाशी बसते की नाही हे मला माहीत नाही, हे लक्षात आलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

खोक्यातला रस त्यांना चालेना. मोसंबी इथे मिळत नाही, मग नऊ संत्री हाताने पिळली, चहाच्या गाळणीतून गाळली, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर. स्टीलच्या तांब्यावर वाटी झाकून पावणेतीनच्या आत आम्ही पुन्हा राउंडअबाउटला. मी गाडी बसच्या थांब्यामागे लावली आणि पाऊस पडत असूनही गॉगल चढवला. सासूबाई रेनकोटखालचा पदर खोचून तरातरा चालत गेल्या आणि वाटीत रस ओतून त्यांनी शेजारणीच्या ओठांसमोर धरला. शेजारणीच्या हातात अर्धं खाल्लेलं हॅम सँडविच होतं. बाकीच्यांच्या हातातही तेच, शिवाय थर्मासमधला चहा आणि कुणीतरी भाजून आणलेला सफरचंदाचा केक.

सासूबाई सँडविचकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ही तर खातायत. शेजारणीनेही माझ्याकडे बघितलं. मी काच चार बोटं खाली केली आणि त्या फटीतून, दहा पावलांवरून, ओरडून भाषांतर केलं. तुम्ही उपोषणाला बसलाय असं त्यांना वाटलं, महिनाभर झाला, आता सोडा म्हणतायत, म्हणून रस आणलाय. सगळी मंडळी इतकी हसली की एका आजोबांच्या हातातला फलक गळून पडला. शेजारणीने डोळे पुसत वाटी घेतली. सासूबाई मात्र घुश्श्यात होत्या. खाऊनपिऊन कसलं आंदोलन करतात, असं त्यांनी परतताना मला दोनदा विचारलं.

त्यांच्यातले सर्वांत म्हातारे गृहस्थ मात्र हसले नव्हते. ते खुर्चीतून उठले, टोपी काढली, सासूबाईंनी पुन्हा भरलेली वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि सगळा रस संपवून ती परत दिली. त्याचं कारण मला संध्याकाळी शेजारणीकडून कळलं. त्यांच्या तरुणपणी या बेटावर तुरुंगात माणसं उपोषण करून खरोखर मेली होती. तेव्हा रस घेऊन कोणी आलं नाही, असं ते गाडीत तिला म्हणाले.

त्याच संध्याकाळी कुंपणाशी दोघींचं खरं बोलणं झालं, मी मध्ये दुभाषी. सासूबाईंना आता विषय कळला होता आणि तो अजिबात पटला नव्हता. आमच्याकडे फौजेत निघालेल्या पोराला बाया ओवाळतात, लाडवाचा डबा देतात, त्या म्हणाल्या. तुम्ही पोरांच्या वाटेत पाट्या घेऊन उभ्या राहता. त्या विमानात बसलेली पोरंही कुणाची तरी आहेतच ना.

मला वाटलं शेजारीण दुखावेल. ती खाली बसून वाफ्यातलं तण काढत होती, ते तिने थांबवलं. तिने आयुष्यभर विमानतळाच्या स्वयंपाकघरात काम केलं, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. सैनिकांची विमानं थांबायची तेव्हा पोरं तासाभरासाठी खाली उतरायची, आईसाठी शाली घ्यायची, एकमेकांना टपल्या मारायची. एकाने तिच्याकडे एक पोस्टकार्ड दिलं, तिकिटाचे पैसे देऊ लागला ते तिने घेतले नाहीत. परतताना याच वाटेने येईन आणि तुझ्या हातचा चहा घेईन, असं म्हणाला. तिने कार्ड त्याच दिवशी टाकलं.

"त्यानंतर परतीच्या प्रत्येक विमानाला मी दारात जाऊन उभी राहायची," ती म्हणाली. "तो दुसऱ्या वाटेने गेला असेल. विमानं काय, बदलतात. पण मी विमानांत जेवण भरत होते ते कुठे जाणाऱ्या पोरांसाठी, हे त्यानंतर मला विसरता आलं नाही."

मी ते मराठीत सांगितलं. सासरे सीमेवर असताना सासूबाईंनी दारात किती वेळा उभं राहून बघितलं असेल, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

"मंग बराबर हाय तिचं," एवढंच म्हणून त्या आत गेल्या आणि कणीक मळायला लागल्या.

जूनच्या दुसऱ्या रविवारी नवऱ्याने आईला समजावून बघितलं. आपण बाहेरचे, असल्या भानगडीत पडू नये, हिचा अर्ज मधे अडकलाय. नवऱ्याचा स्वतःचा पासपोर्ट झाला होता, पण तोही कधी गेला नव्हता. आधी तुझं होऊ दे, हे त्याचं पालुपद. सासूबाईंनी ऐकून घेतलं, अर्ज तिचा हाय, माजा न्हाय, असं सांगितलं आणि शेजारणीच्या गाडीत जाऊन बसल्या. मी लक्ष ठेवायला म्हणून मागून गेले. बसच्या थांब्यामागे, गॉगल लावून.

त्यांच्याकडे एक लांब कापडी फलक आहे. 'शॅनन युद्धासाठी नाही' अशा अर्थाचं त्यावर लिहिलंय. त्याला दोन टोकांना दोन काठ्या. एक काठी शेजारीण धरते. दुसरी तिचा नवरा धरायचा. तो गेल्यापासून दुसरी काठी रस्त्याच्या पाटीच्या खांबाला दोरीने बांधतात, कारण बाकीच्यांच्या हातात त्यांचे त्यांचे फलक असतात, आणि मला वाटतं, ती काठी मागायला कुणाची जीभ रेटत नसावी. त्या दिवशी नदीच्या मुखाकडून वारा सुटला होता. दोरी सुटली, कापड फडफडत शेजारणीच्या अंगावर आलं, ती पडता पडता वाचली. मी गाडीचं दार उघडलं. एक पाय खालीही टाकला. पण तोवर सासूबाईंनी काठी पकडली होती, गवतात पाय रोवले होते, आणि कापड ताणलं गेलं होतं. मी पाय परत आत घेतला. त्या दिवसाबद्दल मला सर्वांत जास्त तो आत घेतलेला पाय आठवतो.

गार्डा उतरलाच. नवीन चेहरा, नाव विचारायला हवं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण पोलीस वही काढून समोर उभा राहिला की नाव सांगायचं असतं हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांनी स्वतःचं नाव, सासऱ्यांचं नाव आणि आडनाव खणखणीत सांगितलं आणि मग 'हवालदार' हा शब्द तीनदा उच्चारून तोही लिहायला लावला. लिहिलं की नाही ते वहीत वाकून बघितलं. त्यानंतर पिशवीतून डबा काढला.

दोन मिनिटांनी माझ्या काचेवर टकटक झाली. मी काच खाली केली. गार्डा वाकून म्हणाला की त्या बाई मला काहीतरी गोल देतायत आणि घेतल्याशिवाय सोडत नाहीत, तर यात शेंगदाणे आहेत का, घरी मुलीला चालत नाहीत. मी म्हणाले, नाहीत, बेसन आहे, डाळीचं पीठ. ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत ठीक, असं तो म्हणाला आणि लाडू टोपीत ठेवला. मग पाऊस पडत असताना माझ्या गॉगलकडे त्याने जरा वेळ बघितलं, पण विचारलं काही नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर सासूबाईंचा व्हिसा संपत होता. गुरुवारी त्यांना सोडायला आम्ही सगळे विमानतळावर गेलो, शेजारीणही. दोघींनी एकमेकींचे गुडघे जपायला सांगितलं. आत जायच्या आधी सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, नवऱ्याच्या खाण्यापिण्याबद्दल काही सांगतील.

"तिची दुसरी काठी तेवडी बघ," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

रविवारी मी नवऱ्याला म्हणाले, कोथिंबीर आणते. तो म्हणाला, अजून दोन-तीन महिने थांबली असतीस तर. कोथिंबिरीसाठी कोणी दोन-तीन महिने थांबत नाही, म्हणजे त्याला कळलं होतं. मुलगी म्हणाली, "मम, आर यू गोइंग टु द राउंडअबाउट?" तिलाही कळलं होतं. मी किल्ली घेतली.

त्या राउंडअबाउटला मी तीन प्रदक्षिणा घातल्या. पहिल्या फेरीत शेजारीण दिसली, काठी पुन्हा खांबाला बांधलेली, कापड मधोमध लोंबत होतं. दुसऱ्या फेरीत वेगळ्या रांगेतून मला हात हलवणारी माझी मुलगी आठवली आणि मी पुढे निघून गेले. तिसऱ्या फेरीत गार्डाच्या गाडीतून तो माझ्याकडेच बघतोय हे दिसलं, आणि आता अजून एक फेरी मारली तर तो त्यासाठीच मला थांबवेल असं वाटून मी गाडी बसच्या थांब्यामागे लावली. गॉगल डॅशबोर्डवर ठेवला.

शेजारणीला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिने फक्त खांबाकडे मानेने खूण केली. मी दोरी सोडली, काठी हातात घेतली आणि मागे सरकत गेले तसं कापड ताठ झालं. जिथे पकडायची तिथे काठीला काहीतरी मऊ गुंडाळलं होतं. जांभळ्या सुती पातळाची पट्टी, सासूबाईंच्या रोजच्या वापरातल्या, नीट घट्ट वळसे देऊन शेवटी टाका घातलेली. त्यांचा हात सोलवटला होता म्हणून त्यांनी जाण्याआधी ती बांधून ठेवली होती. कुणासाठी, ते शेजारणीने मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की मला हसू आवरेना.

गार्डा आला. वही काढली. मी गेली अकरा वर्षं इथल्या लोकांना माझं नाव दोन अक्षरांत सांगते, त्यांना सोपं जावं म्हणून. त्या दिवशी मी त्याला पूर्ण नाव सांगितलं, माझं, नवऱ्याचं आणि आडनाव, अर्जावर आहे तसंच. त्याने ते हळूहळू लिहून घेतलं. मग वही मिटून विचारलं, आज लाडू नाहीत का? मी म्हणाले, पुढच्या महिन्यात.

घरी आले तेव्हा भारतात रात्रीच्या जेवणाची वेळ झाली होती. सासूबाईंनी दुसऱ्याच रिंगला फोन उचलला. वारा होता का, कापड ताठ राहिलं का, शेजारीण काय म्हणाली, सगळं विचारून घेतलं. पासपोर्टच्या पत्राबद्दल विचारलं नाही. ते अजून आलेलं नाही.

"नाव लिवलं का त्यानं?"

"लिहिलं."

"हवालदाराची सून म्हून सांगितलंस का?"

ते मी विसरले होते. तसं सांगितलं.

"मंग फुडच्या बारीला सांग," त्या म्हणाल्या, आणि मी म्हणाले, "हो आई, सांगते."